रद्दीत जाणारे अंतराळ
विज्ञानचित्रकथांची मूळ चित्रे जपण्याच्या छंदाविषयी

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत घरातून काय बाहेर जाते, याची नोंद कोणी ठेवत नाही. पितळेचे भांडे मोडीत देताना चार वेळा विचार होतो. जुनी साडी भांडेवालीला देण्यापूर्वी तिचा जरीकाठ काढून घेतला जातो. कागदाच्या वाट्याला मात्र हा विचार येत नाही. तो तराजूत जातो आणि किलोच्या भावाने विकला जातो. त्यात मुलांच्या चित्रकथा असल्या, तर त्या सर्वांत आधी जातात. कारण मुले मोठी झाली आणि त्या पुस्तकांचे काम संपले, अशी आपली समजूत असते. या रद्दीबरोबर काय जाते याचा थोडा हिशेब वाचकांपुढे मांडावा, एवढाच आमचा हेतू आहे.

आमच्या पांढुर्णा-सौंसर भागातील माणसाचे बालपण दोन भाषांत वाढलेले असते. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. घरात मराठी, कचेरीत हिंदी. ओव्या आजीच्या, पाढे गुरुजींचे. या विभागणीचे तोटे आपण वारंवार बोलून दाखवतो. एक लाभ मात्र फारसा कोणी सांगत नाही, तो असा की आमच्या मुलांना वाचायला दुप्पट मिळाले. पांढुर्ण्याला मोठ्या लाइनीवरचे स्थानक, सौंसरला २०१५ पर्यंत धावणारी नागपूर-छिंदवाड्याची छोटी गाडी; या दोन वाटांनी दोन्ही भाषांतील छापील कागद आमच्याकडे पोहोचत असे. एका बाजूने ‘किशोर’ आणि ‘चांदोबा’, दुसऱ्या बाजूने ‘लोटपोट’, डायमंड कॉमिक्स आणि पुढे राज कॉमिक्स. ‘इंद्रजाल’ तर मराठीतही होते आणि हिंदीतही. उन्हाळ्याच्या सुटीत चार-आठ आणे भाड्याने चित्रकथा आणून, ती परत करण्यापूर्वी घरातल्या सर्व भावंडांनी वाचून काढावयाची, हा त्या काळचा घरोघरचा रिवाज होता.

या चित्रकथांतच आमच्या पिढीने पहिल्यांदा अंतराळ पाहिले. ‘इंद्रजाल कॉमिक्स’ हे टाइम्स ऑफ इंडिया प्रकाशनाने मार्च १९६४ मध्ये सुरू केले आणि १९९० मध्ये ते बंद पडले. त्यात वेताळ आणि मँड्रेक यांच्याबरोबर फ्लॅश गॉर्डनही येत असे. अलेक्स रेमंड या अमेरिकन चित्रकाराने १९३४ साली निर्माण केलेला हा वीर मोंगो नावाच्या ग्रहावर जाऊन लढतो. हिंदीत प्राण यांचे चाचा चौधरी १९७१ मध्ये ‘लोटपोट’मधून आले, त्यांचा सोबती साबू हा गुरू ग्रहावरून आलेला. राज कॉमिक्सचा नागराज १९८६ मध्ये अवतरला, तेव्हा पुष्कळांना तो पुराणातून उचललेला वाटला. वस्तुतः कथेत तो नागमणी नावाच्या प्राध्यापकाने शस्त्र म्हणून घडविलेला आहे. त्याची आरंभीची चित्रे प्रताप मुळीक यांच्या हातची. पुढच्याच वर्षी अनुपम सिन्हा यांचा सुपर कमांडो ध्रुव आला. त्याला कोणतीही दैवी शक्ती नाही; तो शाळेत शिकविल्या जाणाऱ्या विज्ञानाच्या बळावर संकटातून सुटतो.

शुद्ध मराठी साहित्यातही विज्ञानकथेची परंपरा जुनी आहे, आणि तिचा आरंभ महाराष्ट्राबाहेर झाला, ही गोष्ट आमच्यासारख्यांना अभिमानाची वाटावी. ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे मराठी रूप १९०० साली ‘केरळकोकीळ’ मासिकात येऊ लागले. हे मासिक कृष्णाजी नारायण आठल्ये दूर कोचीनहून काढीत असत. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या घरचा केला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे नाव धारण करणारे गृहस्थ म्हणजे डॉ. जयंत विष्णू नारळीकर, आपली आद्याक्षरे उलटी करून स्पर्धेत उतरलेले. २०२१ च्या नाशिक येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मे २०२५ मध्ये ते गेले. लेखकांची ही नावे आपल्याला पाठ आहेत. परंतु त्या कथांना ज्यांनी डोळ्यांना दिसेल असे रूप दिले, त्या चित्रकारांपैकी किती जणांची नावे आपण सांगू शकू? पानाच्या कोपऱ्यात मुंगीएवढी सही असते. कित्येकदा तीही नसते. त्यांचा पुरावा एकच उरतो, तो म्हणजे त्यांच्या हातचे मूळ चित्र.

मूळ चित्र म्हणजे काय?

छापलेली चित्रकथा हजारो प्रतींत असते. तिचे मूळ चित्र जगात एकच. जाड ड्रॉइंग पेपरवर किंवा पुठ्ठ्यावर चित्रकार आधी पेन्सिलीने आखणी करतो. कागद छापील पानाहून बराच मोठा, सामान्यतः दीडपट ते दुप्पट असतो. कारण छायाचित्र घेऊन लहान केले म्हणजे रेषेतले बारीक दोष झाकले जातात. मग टाक आणि कुंचला घेऊन काळ्या शाईने रेषा पक्क्या केल्या जातात. चुकले तेथे पांढरा रंग लावून पुन्हा काढले जाते. संवादांचे फुगे पुष्कळदा निराळ्या कागदावर लिहून चिकटवलेले असतात. एकच चित्र अनेक भाषांत छापावयाचे असेल, तर फुग्यांतला मजकूर तेवढा बदलला की काम भागते. समासात संपादकाच्या सूचना, पानाचा क्रमांक, माप कमी करण्याच्या खुणा. पुष्कळ चित्रकथांत रंग मूळ पानावर नसतोच. तो वेगळ्या प्रतीवर भरला जातो किंवा छापखान्यासाठी खुणांनी दाखविला जातो. मुखपृष्ठ मात्र बहुधा संपूर्ण रंगविलेले असते.

म्हणून मूळ पान हाती घेतले की छापील पुस्तकात न दिसणारी गोष्ट दिसते. अग्निबाणाच्या टोकाखाली पेन्सिलीची दुसरी, पुसलेली रेषा असते. म्हणजे चित्रकाराने आधी तो निराळ्या कोनात काढला होता. परग्रहावरच्या राक्षसाचा चेहरा पांढऱ्या रंगाखाली एकदा बदललेला असतो. कोणीही न पाहिलेली वस्तू कागदावर आणताना एका माणसाने काय काय विचार केला, याची ती नोंद असते. ऐतिहासिक चित्रकथेच्या चित्रकारापुढे किल्ले आणि मूर्ती तरी असतात. अंतराळयान काढणाऱ्यापुढे कोरा कागद. विज्ञानचित्रकथेच्या मूळ पानांचे मोल संग्राहकांना विशेष वाटते, त्याचे कारण आमच्या मते हेच आहे.

ती गेली कोठे?

आपल्याकडे ही मूळ पाने फार थोडी उरली. फ्लॅश गॉर्डनसारख्या परदेशी मालिकांची मूळ चित्रे येथे येण्याचा प्रश्नच नव्हता. परदेशातून छपाईयोग्य प्रती येत. ‘इंद्रजाल’च्या बाबतीत भारतीय हाताचे काम मुख्यतः मुखपृष्ठांवर दिसते, आणि त्यांतील कितीतरी गोविंद ब्रह्माणिया यांनी रंगविली. आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये निर्माण केलेल्या ‘बहादूर’ची चित्रेही त्यांचीच. इतरत्र पद्धत अशी की चित्रकाराने पान द्यावे, मेहनताना घ्यावा आणि विषय संपला. छापखान्याने त्याची निगेटिव्ह काढली की मूळ कागद हा अडगळीचा माल. जागा अपुरी, पावसाळा चार महिन्यांचा, वाळवी बारमाही. ते चित्र परत मागावे असे चित्रकाराला वाटले नाही, आणि परत द्यावे असे प्रकाशकाला सुचले नाही. कोणी कोणाचा द्वेष केला नाही. केवळ किंमत कोणाला ठाऊक नव्हती.

हे आपल्याकडेच घडले असे समजू नये. अमेरिकेतही वृत्तपत्रांतील चित्रमालिकांची मूळ पाने कचऱ्यात गेली किंवा मागणाऱ्याला फुकट दिली गेली. ग्रंथालयांनी तर जुन्या वृत्तपत्रांची सूक्ष्मचित्रे काढून घेऊन मूळ अंक टाकून देण्यास आरंभ केला. तेव्हा बिल ब्लॅकबिअर्ड नावाच्या गृहस्थाने १९६८ मध्ये एक संस्था स्थापून हे टाकलेले अंक गोळा करण्याचा उद्योग मांडला. सॅन फ्रान्सिस्कोतील त्याचे राहते घर कात्रणांनी भरून गेले. तीस वर्षांनी तो संग्रह ओहायो स्टेट विद्यापीठाच्या व्यंगचित्र-ग्रंथालयाने घेतला, तेव्हा त्याचे वजन सुमारे ७५ टन भरले आणि तो नेण्यास सहा मोठे ट्रक लागले. विल्यम गेन्स या प्रकाशकाने १९५० च्या सुमारास काढलेल्या विज्ञानचित्रकथांची मूळ पाने कपाटबंद ठेवली होती. पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून ती लिलावात आली आणि या चित्रांना बाजार असतो हे जगाला समजले. चित्रकार जॅक किर्बी यांना आपलीच पाने प्रकाशकाकडून परत मिळविण्यासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. १९८७ मध्ये सुमारे दोन हजार पाने हाती आली, आणि त्यांनी काढलेली पाने तर याच्या कित्येक पट होती. उलट टोकाचे उदाहरण हवे असेल तर एर्झे यांच्या टिनटिनचे घ्यावे. १९५० च्या दशकात, मनुष्य चंद्रावर उतरण्याच्या कितीतरी आधी, त्यांनी टिनटिनला चंद्रावर नेले. त्या पुस्तकाचे एक मूळ पान २०१६ साली पॅरिसच्या लिलावात १५ लाख ५० हजार युरोंना गेले.

घ्यावयाचे कसे?

हे आकडे वाचून कोणी हुरळून जाऊ नये. आमच्या गावांत असा खजिना निघणार नाही, आणि नफ्यासाठी या वाटेला लागणाऱ्याची बहुधा निराशाच होईल. ज्यांना आवड आहे त्यांनी लहान सुरुवात करावी. २०११ पासून भारतात कॉमिक्सचे मोठे मेळे भरू लागले आहेत. तेथे चित्रकार स्वतः बसतात आणि आपले पान स्वतःच्या हाताने देतात. जिवंत चित्रकाराकडून घेतलेल्या पानाइतकी खरेपणाची दुसरी हमी नाही. पावती घ्यावी, तारीख लिहून घ्यावी, कोणत्या कथेतील कोणते पान हे मागे पेन्सिलीने टिपून ठेवावे.

इतर ठिकाणी सावध राहावे. सही केलेली छापील प्रत हे मूळ चित्र नव्हे. एक साधे भिंग जवळ ठेवले तरी पुष्कळ उलगडते: छापील चित्रात रंगीत ठिपक्यांची जाळी दिसते, हातच्या चित्रात शाई कागदावर किंचित उंच, कोठे दाट कोठे विरळ, आणि खाली पेन्सिलीची खूण. मूळ पान एकाच वेळी फार स्वच्छ आणि फार स्वस्त असेल, तर ते बहुधा नंतर केलेली नक्कल असते.

कायदाही थोडा समजून घ्यावा. चित्र विकत घेतले म्हणजे ते छापण्याचा हक्क मिळाला असे होत नाही. चित्र आपल्या भिंतीवर राहील, पण त्याचा ग्रंथस्वामित्व-हक्क ज्याचा त्याच्याकडेच राहतो, आणि आपल्या देशात तो चित्रकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे चालतो. शिवाय १९९४ च्या दुरुस्तीने १९५७ च्या या कायद्यात एक कलम घातले गेले, ५३-अ. मूळ चित्राची पुनर्विक्री दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला झाली, तर चित्रकाराला, अथवा त्याच्या पश्चात वारसांना, त्या किमतीत वाटा मागता येतो. हा वाटा अधिकाधिक दहा टक्के. मात्र चित्राचे हक्क आरंभी चित्रकाराचेच असले पाहिजेत. नोकरीत राहून मालकासाठी काढलेल्या चित्रांत येथेच अडचण येते.

या छंदातील खरी परीक्षा येथे होते. चित्रकार निवर्तलेला असतो; घरात त्याची वृद्ध पत्नी असते, तिला त्या कागदांचा व्याप नकोसा झालेला असतो. दारात आलेल्या संग्राहकाला किंमत ठाऊक असते, बाईंना नसते. शंभर रुपये दिले तरी त्या आशीर्वाद देतील. कायद्याने हा व्यवहार चोख ठरेल. परंतु त्या बाईंनी ज्या हातांना आयुष्यभर चहा करून दिला, त्या हातांची कमाई आपण लुबाडली, असेच त्याचे नाव आहे. आमचे मत स्पष्ट आहे: आधी किंमत सांगावी, मुलाबाळांना बोलावून घ्यावे, पानांची यादी करून तिची एक प्रत त्या घरी ठेवावी, आणि मग ती देतील ते घ्यावे. त्यांनी देण्याचे नाकारले, तर पाने नीट कशी ठेवावी एवढे सांगून परत फिरावे. संग्रह थोडा लहान राहील, पण त्याविषयी कोणापुढेही बोलता येईल.

आपल्या पेटीतले मूळ चित्र

आता आपल्या गावाकडे वळू. नावाजलेल्या चित्रकारांची पाने येथे नसतील. पण मूळ चित्रे नाहीतच असे समजण्याचे कारण नाही. मराठी शाळांतून हस्तलिखित वार्षिक काढण्याची चाल होती. सुवाच्य अक्षराची मुले मजकूर लिहीत, चित्रकलेत हुशार असलेली मुले पाने सजवीत. जुलै १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला, त्यानंतर या हस्तलिखितांतून आणि मुलांच्या चित्रवह्यांतून अग्निबाण, उडत्या तबकड्या आणि चंद्रावरचे झेंडे उतरले नसते तरच नवल. हस्तलिखिताची प्रत एकच असते. ते जळाले, भिजले वा रद्दीत गेले, तर दुसरी प्रत कोठूनही मिळणार नाही. कित्येक वेळा ते निवृत्त गुरुजींच्या घरी किंवा शाळेच्या मोडक्या कपाटात पडलेले असते.

अशा चित्राला बाजारात कवडीही मिळणार नाही, हे खरे. पण त्यात जे आहे ते मुंबईच्या वा भोपाळच्या कोणत्याही संग्रहात असणे कठीण. कपाशी आणि संत्र्याच्या या मुलखातील एका मुलाने, मराठी घरात आणि हिंदी कागदांत वाढताना, चंद्र कसा कल्पिला? अग्निबाणावर त्याने नाव कोणत्या भाषेत लिहिले? २०२३ साली भारताचे चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले आणि त्याच वर्षी पांढुर्णा व सौंसर मिळून आपला नवा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याचा इतिहास लिहिणाऱ्यांना सनदा आणि खसरे मिळतील. मुलांच्या मनातले आकाश कोठे मिळेल? सीमेवरच्या माणसाची आठवण दोन्हीकडची संग्रहालये दुसऱ्याची समजून सोडून देतात. ती राखण्याचे काम त्याच्याच घरी व्हावे लागते.

काही वडीलधारे म्हणतील, पोथ्यांना वाळवी लागते आहे आणि तुम्ही कॉमिक्स जपा म्हणता! त्यांचे म्हणणे अगदी अग्राह्य नाही. पोथी आधी जपावी, यात वाद नाही. परंतु दोघांची निगा एकच आहे, आणि एका पेटीत दोन्ही मावतात. शिवाय ज्या घरातील मुलाला स्वतःचे चित्र जपलेले दिसते, तो मोठेपणी आजोबांची पोथीही फेकत नाही, असा आमचा अनुभव आहे.

जपावे कसे?

आमच्याकडील उन्हाळा कागद ठिसूळ करतो आणि पावसाळा त्याला बुरशी आणतो. म्हणून चित्र भिंतीला टेकलेल्या कपाटात किंवा जमिनीवर ठेवू नये. पत्र्याची पेटी विटांवर किंवा पाटावर, हवेशीर खोलीत ठेवावी. चित्र गुंडाळू नये, घडी घालू नये, सपाट ठेवावे. दोन चित्रांमध्ये आम्लरहित कागद घालावा. वृत्तपत्राचा कागद कधीही घालू नये, त्याचे आम्ल चित्राला पिवळे करते. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावणे हा सर्वांत मोठा अपराध होय. तिचा डाग कायमचा बसतो. खळीने चिकटवलेल्या जागी कसर लागते, तेव्हा वर्षातून दोनदा पेटी उघडून पाहावी. डांबरगोळ्या ठेवावयाच्या तर कापडात बांधून, चित्राला स्पर्श होणार नाही अशा. लॅमिनेशनच्या मोहात पडू नये. ते पुन्हा काढता येत नाही. भिंतीवर लावण्याची हौस असेल तर रंगीत छायाप्रत लावावी आणि मूळ पान अंधारात राहू द्यावे. मोबाइलने का होईना, प्रत्येक पानाचे स्वच्छ छायाचित्र काढून ते घरातील दोन जणांकडे ठेवावे.

यंदाच्या दिवाळीपूर्वी रद्दीचा गठ्ठा बांधण्याआधी वाचकांनी आणि विशेषतः आमच्या भगिनींनी एक तास द्यावा, ही विनंती. जुन्या चित्रवह्या, हस्तलिखिते, शाईने काढलेली सुटी पाने वेगळी काढावीत. चित्र कोणाचे, कोणत्या वर्षीचे, त्या वेळी मूल कितव्या इयत्तेत होते, हे मागे पेन्सिलीने लिहावे. आज ते सांगणारे माणूस घरात आहे, दहा वर्षांनी नसेल. गावच्या वाचनालयाने किंवा शाळेने मनावर घेतले, तर स्नेहसंमेलनात एका भिंतीवर ही चित्रे मांडता येतील. बाकीचे मग खुशाल तराजूत घालावे.